बांधाची मजुरी

फाल्गुन लागला की दोन गोष्टी एकदम येतात. कॉलेजच्या वाचनालयात मुंबई इलाख्याचे बजेट वर्तमानपत्रांतून छापून येते, आणि आमच्या गावी खाडीकाठचा चिखल तडकू लागतो. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे असे पूर्वी मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. आज सकाळी मी वर्तमानपत्र उघडले. पहिल्याच ओळीत लिहिले होते की इलाख्याच्या जमाखर्चाची तोंडमिळवणी यंदा उत्तम झाली असून अखेरीस शिल्लक राहिली आहे. ते वाचले आणि नाकात एकदम चिखलाचा वास आला. काळा, थोडा कुजका, थोडा खारट वास. शेजारच्या विद्यार्थ्याने विचारले, वाचून झाले काय? मी हो म्हणून पत्र त्याच्या हाती दिले. खरे म्हणजे मी पहिल्या ओळीपुढे गेलोच नव्हतो.

शिल्लक या शब्दाचा मला राग येतो. एका शब्दाचा इतका राग येणे बरे नव्हे, हे मला कळते. मला लिहिण्याचाही फारसा सराव नाही. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच, त्यामुळे चूक दाखवणारेही घरी कोणी नाही. तरी हा राग कुठून आला ते एकदा नीट लिहून पाहावे असे पुष्कळ दिवस मनात आहे.

आमचे गाव ठाकुर्लीच्या खालच्या अंगाला, अगदी खाडीवर. कल्याणच्या बंदराकडे जाणारी गलबते आमच्या बांधावरून दिसतात, आणि लहानपणी आम्ही त्यांच्या तांडेलांना हाका मारून शिव्या खात असू. बांधाच्या एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला आमची भाताची शेते. मध्ये छातीइतका उंच चिखलाचा बांध, एवढाच काय तो आडोसा. बांधात एके ठिकाणी दगडी तोंड आहे, त्याला उघाडी म्हणतात. उघाडीला लाकडी दार असते. ओहोटी लागली की दार उचलून शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीच्या आधी ते मिटायचे. हे काम गोमाकाका करीत. ते बाबांचे चुलतभाऊ. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना थट्टेची वाटे, फक्त ते दार सोडून.

बांधाला दर साली नवा चिखल चढवावा लागतो, आणि तो फाल्गुनातच. त्याआधी चिखल पायाला धरून ठेवतो, त्यानंतर कुदळीला दाद देत नाही. शिमग्याच्या आगेमागे तो असा होतो की फावड्याने विटेसारखा कापून हातात घ्यावा आणि हाताला फक्त गारवा लागावा. घरटी एक माणूस बांधावर जाई. बाया डोक्यावर चिखलाची ढेकळे वाहत, पुरुष ती थापत, आणि दिवसभर बायांच्या तोंडून पुरुषांची अशी काही उणीदुणी निघत की माझ्यासारख्या शाळेत जाणाऱ्याने मान वर करू नये. या कामाची मजुरी कोणी घेत नसे. दुसऱ्या गावी चिखल वाहिला तर घ्यावी, मिठागरात राबलो तर घ्यावीच, पण आपल्या बांधाची घ्यायची नाही. ज्याने घेतली त्याच्या हाताचे बी रुजत नाही, असे बाया म्हणत. तसे झालेले कोणी पाहिले नव्हते, कारण कोणी कधी घेतलीच नव्हती.

माझ्या आज्याच्या वेळेपर्यंत बांध गावाचाच होता. पुढे सरकारने शेतसाऱ्याबरोबर बांधाचीही पट्टी बसवली आणि बांध आता आम्ही सांभाळू म्हणून सांगितले. पट्टी दर साली न चुकता जाई. बांध मात्र गावच सांभाळी, कारण भरती काही सरकारच्या हुकमाची वाट पाहत नाही. पण एका पावसाळ्यात उघाडीच्या बाजूचा बांध दोन्ही अंगांनी खचला आणि दाराच्या फळ्याही कुजत चालल्या, तेव्हा गावाने कल्याणच्या कचेरीत अर्ज केला. अर्जामागून अर्ज गेले. शेवटी त्या फाल्गुनात ठाण्याहून एक ओव्हरसियर आला.

त्या फाल्गुनाची मला सर्वांत जास्त आठवण येते. मी तेव्हा ठाण्याच्या शाळेत मॅट्रिकच्या खालच्या वर्गात होतो आणि शिमग्यासाठी घरी आलो होतो. सावरीची फुले बांधाखाली पडून लाल चिखल झालेली. दुपारी उन्हाने खाडी पत्र्यासारखी चमके आणि वाऱ्याबरोबर मिठागरांची पांढरी धूळ ओठांवर येऊन बसे. ओव्हरसियर छत्री उघडून बांधावर उभा होता. नव्या वहाणा चिखलात रुतू नयेत म्हणून त्याने पायाखाली फळकूट घेतले होते. माणूस वाईट नव्हता. त्याने सांगितले की बांधाच्या मातीकामाची मजुरी मंजूर झाली आहे, रोज संध्याकाळी रोखीने मिळेल, आणि काम मार्चच्या अखेरीपूर्वी पुरे झाले पाहिजे. दाराचे काय, असे बाबांनी विचारले. दार यंदाच्या मंजुरीत नाही, तो म्हणाला.

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मग बाबा पुढे झाले. बाबा बोलायला उभे राहिले की आधी हात धोतराला पुसत, हात स्वच्छ असले तरी.

"रावसाहेब, आपल्या बांदाची मजुरी आमी घेत नाय. आयशीला पानी पाजलं म्हून तिच्याकरनं पैसा घेवाचा काय? काम आमी करू. ती मजुरी तशीच ऱ्हावं दे, नि फुडच्या साली तिचं उगारीला दार करा. सागाचं करा."

ओव्हरसियर जरा गोंधळला. त्याला असे कोणी कधी सांगितले नसावे. रक्कम मंजूर आहे, ती नाकारता कशाला, असे तो एकदोनदा म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. तुमची ही भावना मी वर जरूर लिहीन, सरकार अशा गोष्टी विसरत नाही, असे त्याने सांगितले. आणि गोमाकाका मागून म्हणाले, "इसरलं तर इसरलं, रावसाहेब. मंग फुडच्या साली त्या दाराच्या जागी तुमालाच उभं करू." सगळे हसले. ओव्हरसियरही हसला.

त्या वर्षी बांध जसा झाला तसा मी कधी पाहिला नाही. फुकट करायचे म्हणून लोकांनी जास्त केले. खचलेला भाग तर भरलाच, पण पार वडाच्या वळणापर्यंत नवा थर चढवला. होळीही त्या वर्षी बांधावरच पेटवली. गोमाकाकांनी उघाडीच्या कुजक्या दाराला गुलाल लावला आणि म्हणाले, आता हिचे यंदा शेवटचे वर्ष, पुढल्या शिमग्याला नवी सवत येणार. आईने नारळ अर्पण केला. बाबा दिवसभराचा चिखल अंगावर घेऊन बसले होते आणि इतके सुखी दिसत होते की मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. त्यांना वाटत होते, आपण सरकारला उसने काही मागितले नाही, उलट सरकारच्या घरात आपली एक ठेव ठेवली.

आता कॉलेजात अर्थशास्त्र शिकताना कळते की सरकारच्या घरात ठेव ठेवता येत नाही. सरकारचे वर्ष मार्चच्या अखेरीस मरते. पुढच्या वर्षाचे अंदाज कितीतरी महिने आधी जिल्ह्याजिल्ह्यांतून मुंबईला जातात. कोणत्या सदराखाली गेल्या साली काय खर्च झाला ते पाहून यंदा काय लागेल ते ठरते. जमेच्या बाजूला शेतसारा, अबकारी, स्टँप, जंगल. खर्चाच्या बाजूला कचेऱ्या, पोलीस, तुरुंग, शाळा, रस्ते आणि अगदी शेवटी किरकोळ दुरुस्त्या. इलाख्याला स्वतःच्या मनाने कर्ज काढता येत नाही, तेव्हा दोन्ही बाजू मिळाल्याच पाहिजेत. मिळत नसल्या की कुठेतरी कापावे लागते. साहेबांचे पगार कापता येत नाहीत, ते करारांनी बांधलेले. उन्हाळा आला की सगळे सरकार थंड हवेच्या डोंगरावर जाते, तो खर्चही कापता येत नाही, कारण उन्हाळा तर दर साली येतोच. पोलीस कापला तर धाक जातो. मग राहते ते रस्ता, विहीर, शाळेचे छप्पर, बांध. यांच्यापैकी कोणी उठून कचेरीत येत नाही. त्यांना पुढच्या वर्षावर ढकलले की दोन्ही बाजू जुळतात, आणि मग त्या जुळण्याला शहाणपण म्हणतात.

आणि जे मंजूर होऊन खर्च झाले नाही ते मार्च संपताच परत जाते. ते कोणाचे राहत नाही. उलट, जे उरले ते मुळात नकोच होते असे धरून पुढच्या वर्षी मंजुरी तेवढीच उतरवतात.

आई रोज भात शिजवताना तांदळाची एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकते. तिच्या आईनेही टाकली असेल. ते मडके आजारपणासाठी, पाहुण्यासाठी, मुसळधारेच्या दिवसांसाठी. सरकारने आमचे घर चालवायला घेतले तर काय होईल याचा मी वर्गात बसून विचार करतो. फाल्गुन संपला की कोणीतरी येईल, ते मडके उपडे करून नेईल आणि आईला सांगेल की ज्याअर्थी रोज एक मूठ उरते त्याअर्थी तुम्हाला रोज एक मूठ जास्त मिळत होती, तेव्हा उद्यापासून ती बंद. आई हे ऐकून काय म्हणेल ते मी इथे लिहू शकत नाही. कॉलेजच्या पुस्तकात मात्र याला सुव्यवस्था म्हटले आहे, आणि परीक्षेत मीही तसेच लिहिले आहे.

दुसरा फाल्गुन आला. बांधावर तोच ओव्हरसियर, तीच छत्री, वहाणा मात्र जुन्या झालेल्या. सोबत सुतार नव्हता, लाकूड नव्हते, मजुरीची पिशवीही नव्हती. तो नुसता पाहणीला आला होता. बाबांनी विचारले, दार कधी येते? त्याने छत्री मिटली. मग म्हणाला की गेल्या साली या बांधाच्या सदरात जवळपास काहीच खर्च झाला नाही, म्हणून यंदा वरून काहीच मंजूर झालेले नाही.

"पन ती मजुरी आमची हुती," बाबा म्हणाले.

"तुम्ही घेतली नाही ना."

"तुमच्याकरं ठेवली हुती."

"ती मार्चमध्ये परत गेली. मी तुमच्याविषयी लिहिले होते, खोटे सांगत नाही. वरून शेरा आला की काम अल्प खर्चात झाल्याचे पाहून समाधान वाटते."

हे शब्द मराठीतच होते, तरी गावातल्या कोणालाही ते कळले नाहीत. समाधान कोणाला वाटले, असे एका बाईने विचारले. गोमाकाका उघाडीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी दाराची एक फळी नखाने खरवडली, तर फळीचा भुगा हातात आला. "चला रावसाहेब," ते म्हणाले, "कंच्या अंगानं उभं ऱ्हाताव? भरतीकरं तोंड का शेताकरं?" या वेळी कोणी हसले नाही.

बाबा कल्याणच्या कचेरीत गेले. तिथे सांगितले, हे काम ठाण्याचे. ठाण्याला मीच त्यांच्याबरोबर गेलो. लांब व्हरांडा होता, पंखा ओढणारा पेंगत होता, आणि आत एक कारकून इतक्या सभ्यपणे बोलला की मला आजही त्याचा संताप येतो. तुमचे म्हणणे रास्त आहे, तो म्हणाला, पण यंदाचा अंदाज बंद झाला. पुढल्या साली वेळेवर अर्ज करा आणि कृपा करून मंजूर रक्कम पुरी खर्चत जा. बाबांनी त्याला विचारले की बांधाची पट्टी मात्र यंदाही घेतली, ती कुठे गेली? कारकुनाने मान हलवली आणि सांगितले की पट्टी जमेच्या बाजूला जाते, ती खर्चाच्या बाजूला दिसायची नाही. बाहेर येऊन बाबा तलावाच्या काठावर बसले. माझ्या शाळेची इमारत तिथून दिसत होती. ते म्हणाले, तू हेच शिकतोस काय? मी म्हटले, अजून नाही.

भाद्रपदातल्या उधाणाला दार गेले. सकाळची वेळ होती, ऊन पडले होते, आणि भात पोटरीला आले होते. मी त्या दिवशी घरी होतो. आधी एक फळी आत वाकली, मग तिच्या बाजूने पाणी हाताच्या पंजासारखे आत आले, आणि मग सगळेच. लोकांनी चिखल टाकला, पेंढा टाकला, खाटा आणून आडव्या घातल्या. गोमाकाका पळत घरी गेले आणि स्वतःच्या घराचे दार बिजागऱ्यांसकट उखडून डोक्यावर घेऊन आले. ते दार त्यांनी पाण्यात उभे धरले आणि वर चारजण चढले. थोडा वेळ धरलेही. पुढे ते सगळ्यांना झटकून निघाले आणि गलबतासारखे डौलाने आमच्या शेतांवरून तरंगत गेले. काकूने तोंडाला पदर लावला. ती रडत असेल असे मला वाटले, पण ती हसत होती, आणि हसता हसता मग रडली.

पाणी ओहोटीला परत गेले. त्यानंतर आठवडाभर भात हिरवेच होते. एवढे हिरवे की लोक आशेने बांधावर जाऊन उभे राहत. मग ते बुडख्यापासून तांबडे होऊ लागले. शेतावर पहाटे दवाऐवजी पांढरा बुरा दिसू लागला. खारलेली जमीन दोन-चार पावसाळ्यांनी धुतली जाते खरी, पण त्याला उघाडी मिटलेली लागते, उघाडीला दार लागते, आणि दाराला मंजुरी. शेजारच्या मिठागराचा मक्ता कल्याणच्या एका व्यापाऱ्याकडे होता. त्याने आमची शेते मागितली आणि हळूहळू मिळवली. खारे पाणी ज्याने आत येऊ दिले त्या सरकारनेच पुढे त्याला तिथे मीठ पिकवायला परवाना दिला.

या वर्षी वर्गात आमच्या प्रोफेसरांनी इलाख्याचे बजेट समजावून सांगितले. ते आपल्याच लोकांपैकी, मोठे अभ्यासू आणि कळकळीचे. इलाख्याने काटकसर केली, रस्त्यांची कामे अडवून धरली, शिलकीत चार पैसे टाकले, आणि दोघांतल्या कराराची मुदत संपताच इलाख्याच्या वरच्या, कलकत्त्याच्या सरकारने ते काढून घेतले. वर सांगितले, तुमचे एवढ्यात भागतेच आहे. हे सांगताना त्यांचा आवाज चढला. "ही काटकसरीची शिक्षा आहे," ते म्हणाले. "उधळ्याला बक्षीस आणि संसारी माणसाला दंड." वर्गात बाके वाजली. मीही वाजवली. मला वाटले, हे तर आमच्या बांधाचेच बोलत आहेत.

तास संपल्यावर मी त्यांच्या मेजापाशी गेलो. मोठ्या माणसांशी बोलताना मला अजून घाम येतो. मी सगळे सांगितले, थोडे उलटसुलट सांगितले असेन, पण सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमचा बांध कोणत्या सदरात येतो?"

मी म्हटले, किरकोळ दुरुस्त्यांच्या.

"मग ते वेगळे. प्रांताचा प्रश्न तत्त्वाचा आहे." मग थोडे मऊ होऊन ते म्हणाले, "परीक्षेत प्रश्न आला तर प्रांतापर्यंतच लिहा. खाली उतरू नका, गुण जातात."

मी नमस्कार करून बाहेर आलो. ते अप्रामाणिक नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांना वरच्या बाजूने झालेला अन्याय दिसतो, खालच्या बाजूने इलाखा तोच अन्याय रोज करतो तो दिसत नाही. कलकत्त्याने मुंबईचे मडके उपडे केले म्हणून ते रडतात. मुंबईने आमचे केले, त्याला त्यांच्याकडे सदर नाही. मला त्यांचा राग आला. त्यांनी मला फी माफ करवून दिली आहे, तरी आला.

आता आमच्या शेतात फाल्गुनात मीठ पिकते. मी परवा शिमग्याला घरी गेलो तेव्हा पाहिले. जिथे आई लावणी करायची तिथे चौकोनी वाफे आहेत आणि त्यांत पाणी आटून कडेने साय धरते. उन्हात डोळे उघडवत नाहीत. बाबा आणि आई तिथेच मजुरीवर आहेत. संध्याकाळी निघताना मिठाच्या चौकीचा शिपाई बायांना ओचे झाडायला लावतो, पायांना मीठ चिकटले असेल तर धुवायला लावतो. आईचीच जमीन, पण तिथली एक मूठ घरी आणली तर गुन्हा. घरचे मीठ ती कल्याणच्या बाजारातून कर भरून आणते. मी हिशेब शिकलो आहे म्हणून मला हेही कळते की आमचे भात सरकारला जेवढा सारा देत होते त्याच्या कितीतरी पटींनी कर आता तेच शेत मिठावर देते. तो कर वरच्या सरकारच्या खात्यात जातो, शेतसारा ते सरकार आणि इलाखा या दोघांत वाटला जातो, हा फरक मला पाठ आहे. पण कोणत्याही खात्यात पाहिले तरी आमचे शेत बुडाल्याचे कुठे दिसायचे नाही. दिसलीच तर उत्पन्नातली वाढ दिसेल.

शिमगा झाल्यावर बाबा म्हणाले, चल, खालच्या गावी जाऊन येऊ. खालचे गाव खाडीच्या पुढल्या वळणावर आहे. त्यांचा बांध यंदा खचला होता आणि त्यांना मातीकामाची मंजुरी आली होती. दार मात्र त्यांच्याही मंजुरीत नव्हते. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा बांधावर तोच ओव्हरसियर होता, छत्रीखाली केस पिकलेले. आणि गावची माणसे त्याच्यासमोर उभी राहून आमच्याच गावाचे शब्द बोलत होती. आपल्या बांधाची मजुरी घ्यायची नाही, ती राहू द्या, तिचे पुढच्या साली दार करा.

बाबा मध्ये शिरले. हात धोतराला पुसले. "नका ठेवू," ते म्हणाले. "बाया-पोरांची पन मजुरी लावा. काम लांबवा, पन मार्च सरवाच्या आत समदी घ्या. एक पै मागं ठेवू नका."

कोणाला ते पटेना. एक म्हातारी डोक्यावरचे ढेकूळ न उतरवताच म्हणाली, "तुज्या बांदाची माती झाली, आता आमच्या हातांचं बी मारतंस काय?" दुसऱ्या कोणी म्हटले, मिठागरात राबून याला रोजाची चटक लागली. बाबांनी एकदा ओव्हरसियरकडे पाहिले, की हा तरी सांगेल. ओव्हरसियर छत्री नीट करीत राहिला.

मग बाबांनी डोक्याचे मुंडासे आवळले, कोणाचे तरी फावडे उचलले आणि त्यांच्या बांधावर कामाला लागले. दिवसभर. मीही चिखल वाहिला, पण माझ्या हातांना सवय राहिली नाही. लोक आमच्याशी बोलत नव्हते, पण पाणी दिले. चिखल तसाच होता, विटेसारखा कापला जाणारा, गार. बाबांनी थापलेला भाग दुरून ओळखू येत होता.

संध्याकाळी ओव्हरसियरने पिशवी काढली. कोणी पुढे होईना. तेव्हा बाबा बांधावरून उतरले, सगळ्या गावासमोर त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि उजवा हात पुढे केला. मला आठवते तेव्हापासून बांधाच्या चिखलाची मजुरी त्यांनी कधी घेतली नव्हती, आपल्या बांधाचीही नाही आणि शेजारच्या बांधाचीही नाही. दुसऱ्या गावी घेतली तर चालते, पण बाबा तीही घेत नसत. ओव्हरसियरने नाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्याने वर पाहिले नाही.

"बगा," बाबा म्हणाले. "घेतली."

 मग त्या म्हातारीने डोक्यावरची चुंबळ काढली, ती बगलेत धरली, आणि कोणाकडेही न पाहता बाबांच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या मागे तिची सून आली.

परत येताना अंधारायला लागले होते.  आमच्या जुन्या उघाडीपाशी ते थांबले आणि दगडावर बसून खाडीच्या पाण्यात हात धुऊ लागले. चिखल केव्हाच वाळून गळून गेला होता. मी म्हटले, बाबा, हात साफ आहेत. ते हो म्हणाले, आणि धूत राहिले.